परराज्यातलं घर: भागीदारी तोंडी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परराज्यात भाड्यासाठी घर घेऊ पाहणाऱ्यांना आपल्या रविवारच्या पुरवणीत दिलेला सल्ला वाचला. बिल्डर कसा तपासावा, कर्ज किती घ्यावं, भाडेकरू कसा निवडावा, सगळं आहे त्यात. भागीदारीवर मात्र एकच वाक्य: 'भागीदार विश्वासू असावा.' आता मला सांगा, विश्वास नसलेल्या माणसासोबत कोणी चाळीस-पंचेचाळीस लाख घालतं का? भागीदारीतली भांडणं होतात तीच मुळी विश्वासातल्या माणसांत, कारण त्यांनी काही लिहून ठेवलेलं नसतं. हा भाग सुटला म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची शेती कापूस-तुरीची, आणि मी गावातल्या बचत गटांच्या वह्या बघते. माझी थोरली नणंद, आमच्या ताई, हिंगणघाटला असते. आम्ही दोघींनी मिळून हैदराबादला दोन बेडरूमचा जुना फ्लॅट घेतला आणि भाड्यानं दिला. दोघींचंही स्वतःच्या नावावरचं हे पहिलं घर.

पैसा कुठून आला, हे गावात सगळे विचारतात, म्हणून सांगून टाकते. ताईंचा वाटा म्हणजे वडिलांच्या शेतातून रस्ता गेला त्याचा मोबदला. २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकीचा हिस्सा लेकाइतकाच, हे आता सगळ्यांना पाठ आहे. तरी मोबदल्याची नोटीस आली की बहिणीला साडीचोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, ही रीत काही सुटत नाही. आमच्या ह्यांनी ती सही मागितली नाही आणि ताईंनी दिलीही नसती. माझा वाटा माझ्या माहेरच्या जमिनीच्या विक्रीतला. ह्यांनी वरून थोडे टाकतो म्हटलं होतं, पण सीए साहेबांनी थांबवलं. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशातून घर घेतलं तर त्याचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

नागपूर सोडून हैदराबाद कशाला, हा दुसरा प्रश्न. आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांचे नागपूरबाहेर प्लॉट आहेत आणि त्यावर काँग्रेस गवत माजलंय. प्लॉटला भाडं नसतं. आमच्या तालुक्याच्या गावाहून, पांढरकवड्याहून, हैदराबाद ४४ नंबरच्या हायवेनं सरळ साडेतीनशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुप्पट. आमच्याकडची पोरं नोकरीला तिकडंच जातात. माझी लेक तिथं होती, तिच्या भाड्याच्या पावत्या बघूनच हा विचार डोक्यात आला. आता ती पुण्याला गेली, म्हणजे आमचं म्हणावं असं हैदराबादेत कोणी उरलं नाही. तेलुगू मात्र आम्हा दोघींना बाजारापुरतं येतं, तेलंगणाच्या सीमेवरच्या पैनगंगेच्या अलीकडं राहून ते कानावर पडतंच.

तसा वऱ्हाडाचा आणि हैदराबादचा भाड्याचा व्यवहार जुनाच म्हणायचा. १९०२ मध्ये निजामानं अख्खं वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं लावून दिलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. मुदत नाही, भाडेवाढ नाही. असा भाडेकरू उठतो का कधी? आमच्या भाडेपत्रात मुदत अकरा महिन्यांची आहे आणि वाढ वर्षाला पाच टक्के.

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडं शेतीतली भागीदारी तोंडीच चालते. बटईनं पीक वाटून घेणं असो, ठोक्यानं ठरीव रकमेवर शेत देणं असो, सालदार ठेवणं असो, दोन माणसं समोर बसतात, सुपारी फुटते, झालं. ते निभतं, कारण दर पाडव्याला तो व्यवहार आपोआप संपतो. पटलं तर पुढं, नाही तर तुझं तू माझं मी. घराला असा पाडवा नसतो. एकदा खरेदीखतावर दोन नावं चढली की ती वीस वर्षं तशीच राहतात, आणि तोवर माणसांची परिस्थिती पार बदलून जाते. कोणाच्या घरी लग्न निघतं, कोणाला दवाखाना लागतो, कोणाचा मुलगा म्हणतो विकून टाक. ताईंचं आणि माझं आजवर एका शब्दानं वाजलेलं नाही. म्हणूनच मला वाटलं, लिहायचं ते आत्ताच लिहावं, दोघींचंही डोकं शांत असताना.

बयाणा द्यायच्या आधी एका संध्याकाळी ओसरीवर बसलो. बचत गटाचं एक कोरं रजिस्टर होतं, तेच घेतलं. ह्यांना ते काही रुचलं नाही. "काहून वं, नणंद-भावजयीत लिखापढी कायले? लोक काय म्हणतीन?" ताई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लोक म्हणतच राहतीन. वहिनी, तुम्ही लिहा."

पहिली ओळ हिश्शाची. घर ४५ लाखांचं. माझे २७, ताईंचे १८. म्हणजे ६० आणि ४० टक्के. हे आम्ही रजिस्टरात तर लिहिलंच, पण खरेदीखतातही घालून घेतलं. तिथल्या दस्तलेखकानं नुसती दोन नावं टाकली होती. 'संयुक्त खरेदी' म्हटलं की पुरे, असं त्याचं म्हणणं. पुरे नाही. हिस्सा लिहिलेला नसेल आणि कोणी किती घातले याचा पुरावाही हाती नसेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा दोघांचे हिस्से सारखे धरतो. शिवाय हिस्से ठरलेले असले की भाड्याचं उत्पन्न ज्याचं त्याच्या नावावर वेगवेगळं धरलं जातं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं आपल्याकडच्या कित्येक जणांना वाटतं भाड्यावरही नसेल. आहे. घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सूट मिळते, राहिलेलं उत्पन्नात येतं.

नंतरच्या ओळी रोजच्या कटकटीच्या. भाडं दोघींच्या जोडखात्यात पडेल. दहा हजारांवरचा खर्च दोघींनी लेखी हो म्हटल्याशिवाय करायचा नाही. फोनवर 'हो हो' म्हटलेलं धरायचं नाही. घर रिकामं पडलं तर त्या महिन्यांचा मेंटेनन्स हिश्शाप्रमाणं. ताईंचं तिकडं जाणं जास्त होतं म्हणून प्रवासखर्च खात्यातून. आणि ताईंनी स्वतःहून घालायला लावलेली एक ओळ: माहेरचं, सासरचं, कोणाचंही माणूस कमी भाड्यात ठेवायचं नाही.

ही ओळ मला त्या वेळी जरा कडकच वाटली होती. घर घेऊन वर्ष होत नाही तोच माझ्या भावाच्या मुलाला हैदराबादला कोर्स करायचा होता. "आत्याचा फ्लॅट असताना हॉस्टेलात कायले राहू?" भावानंही फोन केला. मी नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं, हो म्हटलं असतं तर ताईंचे चाळीस टक्के बुडाले असते. मी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. राहायचं तर पूर्ण भाडं आणि दोन महिन्यांचा ॲडव्हान्स. पोरगा अमीरपेठेत हॉस्टेलला राहिला, दिवाळीला येऊन पायाही पडला. नाही कागदानं म्हटलं होतं, मी नव्हतं म्हटलं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो वेगळं व्हायच्या ओळीवर. दोघींपैकी एकीला बाहेर पडायचं झालं तर? फ्लॅटचे काही शेतासारखे धुरा, म्हणजे बांध, घालून दोन तुकडे पडत नाहीत. कोर्टात गेलं तर १८९३ चा वाटणी कायदा आहे. ज्याची वाटणी होऊ शकत नाही ती मालमत्ता विकून पैसे वाटून देण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकतं. पण ती मागणी निम्म्या किंवा त्याहून जास्त हिश्शाच्या धन्यानं करावी लागते. म्हणजे मी मागू शकते, ४० टक्क्यांच्या ताई एकट्यानं नाही. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत, पण मलाच ते बरं वाटलं नाही.

मग आम्ही घरचाच नियम घेतला. भाऊ वेगळे निघतात तेव्हा थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, ही आपली जुनी पद्धत. वाटे पाडणारा आपोआप सारखे पाडतो, कारण उचलणार दुसरा आहे. तेच इथं लावलं. जिला बाहेर पडायचंय तिनं पाडव्याच्या आधी लेखी कळवायचं आणि अख्ख्या घराचा भाव सांगायचा. दुसरीनं ठरवायचं, त्या भावानं तिचा हिस्सा घ्यायचा की आपला तिला द्यायचा. यात एक खोच आहे, ती पाटणबोरीच्या एका शिक्षिकाबाईंनी दाखवली. समोरचीकडं रोकड नाही हे ठाऊक असेल तर भाव पाडून सांगता येतो. ती घेऊ शकत नाही, म्हणजे तिला स्वस्तात द्यावंच लागतं. म्हणून पुढं जोडलं: पैसे उभे करायला पुढच्या पाडव्यापर्यंत मुदत. आणि भाव पटलाच नाही तर बाहेरच्याला विकून हिश्शाप्रमाणं घ्यायचं, त्यात दुसरीनं अडवायचं नाही.

मग वकिलांकडून भाषा नीट करून ५०० च्या मुद्रांकावर, नोटरीपुढं सह्या केल्या. (१०० चा कागद आता चालत नाही, हेही काही जणांना तिथं गेल्यावरच कळतं.)

राहिलं मरणाचं. तो विषय कोणी काढत नाही, आणि घरं बुडतात ती तिथंच. ताईंना मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ वाचा. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिची स्वतःची मिळकत जाते तिच्या नवऱ्याच्या वारसांकडं. आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता मात्र परत वडिलांच्या वारसांकडं येते. ताईंचे पैसे वडिलांच्या जमिनीचे, पण त्यातून घेतलेलं घर त्यांनी स्वतः खरेदी केलेलं. मग ते कोणत्या खान्यात बसवायचं? यावर दोन्ही घरं आयुष्यभर कोर्टात भांडू शकतात, आणि माझी भागीदार म्हणून ज्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही असे ताईंचे चुलतदीर उभे राहू शकतात. ताईंनी मृत्युपत्र केलं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली, त्या दोघांनी ताईंसमोर केली. त्यात काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. आम्हा दोघींच्या मागं जो कोणी येईल त्याला रजिस्टरातल्या अटी बंधनकारक राहतील, एवढी ओळ मात्र करारात आहे. मीही माझं केलं.

घर बघण्याबद्दल तुमच्या पुरवणीत बरंच होतं, म्हणून थोडक्यात. तिथं फ्लॅटला सात-बारा शोधत बसू नका. बोजा आणि आधीचे व्यवहार दाखवणारं ईसी, म्हणजे भारमुक्ततेचं प्रमाणपत्र, तेलंगणाच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर १९८३ पासूनचं बघायला मिळतं. जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा खरेदीखतात चौरस गजांत लिहितात, तो बघा. इमारत तीस वर्षांनी पडायला झाली की किंमत त्या गजांचीच. आसपास तलाव आहे का, होता का, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं 'हायड्रा' ही यंत्रणा उभी केली आणि तलावांच्या हद्दीतली बांधकामं पाडायला घेतली. राहणाऱ्यांच्या हातात कागद होते, तरी बुलडोझर आलेच. बाहेरगावच्या माणसाला तलाव कसा दिसणार? तो बुजवलेला असतो. आणि घर बघायला जायचं ते मे महिन्यात, भर दुपारी. नळ सोडा. आम्ही नाकारलेल्या एका घरात नळानं नुसता सुस्कारा सोडला, आणि खाली टँकरची पाळी लागली होती.

एका मालकानं काही रक्कम रोख मागितली, "गाववाले लोग तो कॅशवाले होते" म्हणून. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर खातं तेवढाच दंड करू शकतं. तो दंड घेणाऱ्याला. पण पुढं वाद झाला तर रोख दिल्याचा पुरावा देणाऱ्याकडंही नसतो. तिथून आम्ही उठलो. बँकेनं नणंद-भावजयीला एकत्र गृहकर्ज द्यायला नकार दिला, ते एक बरंच झालं.

आणि हिशेब. तो कोणी सांगत नाही. ४५ लाखांवर तेलंगणात मुद्रांक, हस्तांतरण शुल्क आणि नोंदणी मिळून साडेसात टक्के, म्हणजे ३ लाख ३७ हजार ५०० रुपये वरून. भाडं महिन्याला १८ हजार, वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून घरपट्टी, रंगरंगोटी, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना, वॉचमनला द्यावे लागणारे, ताईंचा प्रवास, हे गेलं की हातात १ लाख ८० हजारांच्या आसपास राहतात. घातलेल्या पैशावर शंभरामागं पावणेचार. बँकेत नुसते ठेवले असते तर व्याज याहून जास्त आलं असतं. जागेचा भाव वाढेल या आशेवर उरलेलं आहे. मला हा सौदा वाईट वाटत नाही, कारण बँकेतले पैसे घरातल्या प्रत्येक लग्नाला मोडले जातात आणि फ्लॅट मोडायला दोघींच्या सह्या लागतात. पण भाड्यावर घर चालवू म्हणणाऱ्यानं हा आकडा आधी बघावा. घरपट्टीचं एक ध्यानात ठेवा: वर्षाची सगळी एप्रिलमध्येच भरली तर हैदराबाद महापालिका पाच टक्के सूट देत आलीय. एप्रिल म्हणजे पाडव्याच्या मागंपुढंच, ताई ते काम त्याच हिशेबात उरकतात.

वॉचमनबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तो महबूबनगरकडचा, बायकापोरांसह खाली पार्किंगमध्ये राहतो. टू-लेटची पाटी तोच लावतो, भाडेकरू तोच आणतो, पाण्याची मोटार जळाली तर पहिला फोन त्याचाच. असोसिएशनचे पदाधिकारी बदलतात, तो राहतो. ताई जाताना त्याच्या घरी तुरीची दाळ नेतात. आमच्या हिशेबात ती दाळ 'देखभाल खर्च' म्हणून पडते आणि माझी त्याला हरकत नाही.

शेवटी आपल्याला एक मागणं, संपादक साहेब. यवतमाळ-नागपूरच्या हॉटेलांतल्या हॉलमध्ये परराज्यातल्या घरांचे मेळे भरतात आणि त्यांच्या पानभर जाहिराती आपल्याच पेपरात येतात. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाचं संकेतस्थळ द्यावंच लागतं. ज्या राज्यात प्रकल्प, त्या राज्याचा क्रमांक. आपल्या राज्याच्या प्राधिकरणानं, म्हणजे महारेरानं, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला, पण तो महाराष्ट्रातल्या प्रकल्पांना. नदीपलीकडच्या प्रकल्पाची जाहिरात आपण घेता तेव्हा तो क्रमांक आहे का, एवढं आपल्या जाहिरात विभागानं बघावं. 'प्री-लाँच' म्हणून क्रमांकाशिवाय येणारी जाहिरात छापूच नये. मागच्या महिन्यात अशी एक आली होती. आमच्या गटातल्या दोघी त्यावर फोन लावून बसल्या होत्या, आणि भागीदार कोण, तर बाजूच्या गावातल्या मैत्रिणी. लिहिलेलं काही नाही.

आमच्या कराराचा नमुना कोणाला हवा असेल तर नावं-आकडे काढून मी आपल्या कार्यालयाकडं पाठवते, आपण छापावा. प्रवासखर्चाची ओळ तेवढी अजून पक्की नाही. ताई म्हणतात स्लीपर कोच लिहा, मी म्हणते साधी एसटी. येत्या पाडव्याला बघू.

आपली,
एक वाचक भगिनी
ता. केळापूर, जि. यवतमाळ